फिदेलाची ओटी

माझ्या शिवणाचं कौतुक कॅनडातल्या किचनर गावी आमच्या बिल्डिंगभर होतं, म्हणून वरच्या मजल्यावरची मिसेस कोवाल्स्की पांढरं रेशीम घेऊन माझ्याकडे आली. २०१७ चा जानेवारी होता. तिच्या चर्चमधल्या संत फिदेलाला नवा झगा हवा होता.

"अगं, पण मी हिंदू," मी म्हटलं.

"विधवा आहेस ना? मग झालं. तिला फक्त विधवा आणि कुमारिकाच हात लावतात."

हे गेल्यापासून हळदीकुंकवाच्या घरात मी स्वयंपाकखोलीतच बसत आले. विधवा म्हणून कुणी मुद्दाम बोलावण्याची ही पहिलीच वेळ. झगा तयार झाल्यावर नात केयालाही मी बरोबर नेलं. शनिवारी तिचा साखरपुडा होता, निहारची माणसं ओकव्हिलहून यायची होती. त्याआधी देवीचं दर्शन व्हावं, एवढंच माझ्या मनात.

वेदीखाली काचेच्या पेटीत ती निजलेली होती. मेणाची, पंधरा-सोळा वर्षांची, दोन्ही तळवे उघडे. मनगटाजवळ मेणात एक फट होती आणि फटीतून पिवळट हाड दिसत होतं. ते खरं होतं. रोमच्या दफनभुयारातून आणलेलं.

"हिने केलं काय?" केयाने विचारलं.

"लग्नाला नाही म्हणाली," जुन्या झग्याची बटणं काढता काढता मिसेस कोवाल्स्की म्हणाली. "तेव्हाचे ख्रिस्ती लग्नाला पाप म्हणत नसत, पण कौमार्य त्याहून वरचं मानत. काही नवरा-बायकोसुद्धा बहीण-भावासारखे राहत. प्रभू लवकरच परत येणार, मग पोरं कुणासाठी? रोमला मात्र पोरं हवी होती. बापाने ठरवलेल्या मुलाला हिने नाकारलं, तर त्यानेच चुगली केली, ही ख्रिस्ती आहे म्हणून. न्यायाधीशाने हिच्या हातात धूप कोंबला. बादशहाच्या मूर्तीपुढे टाक, लग्न कर, घरी जा. हिने मूठ उघडलीच नाही. तशीच मारली तिला."

ती इस्त्री आणायला आत गेली. मी पिशवीतून खण, नारळ आणि कुंकू लावलेले तांदूळ काढले.

"आजी! आत्ता काय सांगितलं त्यांनी?"

"देवी म्हटली की ओटी भरावी. देवीला विधवेची चालते की नाही, ते तिचं तिला ठरवू दे."

"Did anybody ask her?"

मी लक्ष दिलं नाही. नवा झगा अंगावर चढल्यावर फिदेलाच्या मांडीवर गुपचूप ओटी ठेवली, झग्याच्या घडीखाली झाकली आणि मनात म्हटलं, केयाचं लग्न निर्विघ्न होऊ दे, वर्षात पाळणा हलू दे. पेटीला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी मिसेस कोवाल्स्की दारात उभी. हातात ग्रोसरीची पिशवी, पिशवीत माझा नारळ आणि खण.

"पहिल्या बाकावर होतं. नीट घडी घालून. कुलूप जसंच्या तसं आहे."

"आणि तांदूळ?"

"तांदूळ नव्हते. तू चल माझ्याबरोबर."

मी गेले. फिदेलाचा उजवा हात मिटलेला होता. मेणाला कुठे तडा नव्हता. जणू तो हात तसाच घडवला होता.

घरी येताना बर्फात मला कऱ्हाडची आमची आक्का, माझी थोरली बहीण, दिसत राहिली. लग्नाचा चुडा भरायला कासार आला, तेव्हा तिची मूठ उघडेना. शेवटी आमच्या वडिलांनी, बापूंनी, एकेक बोट धरून उघडली. सगळे हसले, नवरी लाजते म्हणून. वर्षाच्या आत आक्का बाळंतपणात गेली.

शनिवारी मी केयाला बांगड्या भरायला बसवलं. डावा हात झाला. उजव्याची मूठ वळलेली.

"मूठ सोड गं."

"I'm trying, आजी. खरंच सुटत नाहीये."

तिची बोटं पांढरी पडली होती. मी त्यांना हात लावला नाही.

"निहार नकोय तुला?"

"निहार चांगला आहे. मला कुणीच नकोय. कधीच. बाबांना किती वेळा सांगायला गेले, ते म्हणतात, सगळ्यांना सुरुवातीला असंच वाटतं."

तेवढ्यात तिचा बाबा, माझा मुलगा नंदन, डोकावला. "आई, आवरलं का? ते हायवेला लागलेत."

"मग लगेच फोन कर. एवढ्या थंडीत कशाला उगाच यायचं त्यांनी?"

"काय बोलतेस तू? काय सांगू त्यांना?"

"मुलगी नाही म्हणते, असं सांग. आणि तिच्या आजीने ऐकलंय, असंही सांग."

नंदन केयाकडे बघत राहिला. तिने मान डोलावली. तो फोन घेऊन बाहेर गेला, आणि केयाची मूठ आपोआप उघडली.

तळव्यात तांदूळ होते. कुंकू लावलेले.

"मी कशालाच हात लावला नव्हता, आजी," ती कुजबुजली.

मी पदर पुढे केला. तिने ते सगळे दाणे त्यात ओतले. बर्फासारखे गार होते.