न विचारलेला वरवंटा

मी एक जुना वरवंटा आहे, मित्रांनो. पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं आणि कर्जतजवळच्या वस्तीवर भीमाबाईंच्या पाट्यावर मी उभी हयात मिरची वाटली. रक्त काढायची मला हौस नव्हती. पण बांधावरून भांडण पेटलं, त्यांचा दीर गहिनीनाथ घरात घुसला आणि मला उचलून त्यानं भीमाबाईंच्या मनगटावर घातलं. हाड मोडलं. पोलिसांनी मला कापडात शिवून वर लाखेचं सील ठोकलं आणि मी मुद्देमाल झालो.

आता सगळी मदार सरकारी वकील राधाकृष्ण साहेबांवर. वाटलं, गरिबाच्या बाजूनं सरकार उभं राहतं म्हणजे माणूस केवढा असेल. उभा राहिला तो जांभया देणारा एक काळा कोट. फाईल ते जिना चढताना चाळत. सगळं उंटावरून शेळ्या हाकणं. डॉक्टरांना साक्षीला बोलवायचंही राहून गेलं. त्यांनी नुसतं माझं सील फोडून भीमाबाईंना विचारायचं होतं, हाच का तो? माझ्या टोकाचा उडालेला टवका भीमाबाईंनी लगेच ओळखला असता.

कोर्टात शिपायानं मला टेबलावर ठेवलं आणि सील फोडू का, असं विचारलं. लाखेची भुकटी सांडेल म्हणून साहेबांनी कोट मागे ओढला.

"राहू द्या, दगडच आहे."

समोरचा वकील झोपला नव्हता. वरवंटा घरोघरी असतो, मार यानंच दिला कशावरून, असं तो म्हणाला. गहिनीनाथ सुटला.

बाहेर भीमाबाई वाकड्या मनगटानं पदर सावरत म्हणाल्या, "सायेब, त्यो पुन्हा शेजारीच ऱ्हानार. मी कुठं जाऊ?"

साहेबांनी मोबाईल काढला.

"मंग माझा वरवंटा तरी द्या."

"तो तुझाच आहे, हे कुठं सिद्ध झालंय?"

एवढा कायदा मात्र त्यांना तोंडपाठ होता.

पुढं मला बिनकामाचा ठरवून कोर्टामागं टाकलं. तिथं उतार आहे. आता साहेब रोज मला दोन्ही हातांनी उचलून गाडीच्या चाकाखाली लावतात. कोटाला माती लागते, त्याचं त्यांना काही वाटत नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही हा कोट घातलात, तर समोरचं पुडकं उघडून तेवढा एक प्रश्न विचारा. साहेबांची गाडी जागची हलत नाही. भीमाबाईंना मात्र वस्ती सोडावी लागली.