लाईन कुठे तुटते

बाबांचा जन्म लिलावात बोली पुकारण्यात गेला. भरल्या बाजारात त्यांना कधी भोंगा लागला नाही. पक्षाघात झाला आणि वाचाच गेली. साधं "पाणी" म्हणायचं तरी घाम फुटायचा.

वाचा शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या शहरात असत. रोज सकाळी लॅपटॉपवर भेटत. बाबा जीव एकवटून एखादा शब्द ओठांपर्यंत आणायचे आणि नेमकं तेव्हाच इंटरनेट जायचं. बाईंचा चेहरा पडद्यावर गोठून राहायचा. असं चार-पाचदा झालं. मग बाबा लॅपटॉपसमोर बसेचनात.

"का हो बाबा?" लेकीने विचारलं.

"बाई... कं... टाळ..."

बाईच वैतागून कॉल बंद करतात, असं बाबांच्या मनाने घेतलं होतं. तिने परोपरीने सांगून पाहिलं. बाबा नुसते मान हलवत राहिले.

इंटरनेटच्या कंपनीला फोन केला, तर "आमची लाईन ठीक आहे, तुमचं वायफाय तपासा," हे ठरलेलं उत्तर.

ती शाळेत संगणक शिकवायची. तिने दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली आणि लॅपटॉप चालूच ठेवला. स्क्रिप्ट मिनिटामिनिटाला आधी घरातल्या राउटरला हाक मारायची, मग बाहेरच्या एका सर्व्हरला. कुणी ओ दिली नाही, की वेळ टिपून ठेवायची. आठवडाभरात उलगडा झाला. राउटर दर वेळी ओ देत होता. गप्प व्हायचा तो बाहेरचा सर्व्हर; म्हणजे लाईन घराबाहेरच तुटत होती.

तिने ती नोंद छापून बाबांसमोर धरली.

"हे बघा. ही वेळ तुमच्या जेवणाची. ही दुपारच्या झोपेची. तेव्हा कुठे बाई होत्या? तरी लाईन गेलीच ना?"

बाबांनी चांगला हात उचलला. एकेका ओळीवरून बोट फिरवत ते शेवटपर्यंत गेले. मग ते लहान मुलासारखे रडले. ती त्यांची पाठ चोळत बसून राहिली.

तीच नोंद कंपनीकडे गेली, तेव्हा कुठे त्यांनी माणूस पाठवला. जिन्यातल्या डबीत वायरीचा जोड गंजला होता. त्याने तो बदलून दिला. शिकवणी पुन्हा सुरू झाली. शब्द मात्र गोगलगायीच्या गतीनेच येत राहिले. पूर्वीचा आवाज आता नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं.

एकदा बाईंच्याच घरची वीज गेली. पडदा काळा झाला. लेक स्वयंपाकघरातून धावत आली.

बाबा जागचे हलले नव्हते.

"ये... तील," ते म्हणाले.