नन्नाचा पाढा

“तुझ्या पाइपाला एक हजार धरलेत,” बुटाच्या नाड्या बांधता बांधता बाबा म्हणाले.

मी ब्रेडला लोणी लावत होते. सुरी तशीच हातात राहिली.

“एक हजार? बाबा, हजारात त्याचा एक व्हॉल्व्हसुद्धा येत नाही.”

“व्हॉल्व्ह आणायचाच नाहीये. हेड जिवंत ठेवायचंय.”

“जिवंत आहे हो ते. मी नोकरीला लागल्यापासून नुसतं जिवंतच आहे. आता त्याला जरा चालू-बोलू द्या.”

आई आतून म्हणाली, “दोघंही कचेरीत जाऊन भांडा. तिथे भांडायचा पगार तरी मिळतो.”

बाबा नगरपालिकेत लेखापाल होते आणि मी तिथेच, पाणीपुरवठ्यात कनिष्ठ अभियंता. आमच्या दोन खोल्यांमध्ये एक लाकडी पार्टिशन होतं, वरून उघडं. त्यांच्याकडे आलेली माणसं मला ऐकू यायची आणि माझ्याकडची त्यांना. अंदाजपत्रकात प्रत्येक कामाची एक ओळ असते, तिला सगळे हेड म्हणतात. त्या ओळीपुढे शून्य पडलं की पुढच्या वर्षी ती ओळच छापली जात नाही. मग ते काम पुन्हा उभं करायचं तर ठरावापासून सुरुवात. म्हणून पैसे नसले की बाबा तिथे एक हजार लिहायचे. काम होत नसे, पण मरतही नसे. माझ्या पिशवीत कायम एखादी कादंबरी असायची. तिच्याकडे बघून ते म्हणायचे, “तुमच्यात लेखकाला वाटलं की माणूस मेला. आमच्यात मारायलाही सभेची मंजुरी लागते.”

त्या वर्षी गावाबाहेरच्या कारखान्याची दुसरी पाळी बंद झाली होती. बाजारपेठेत एकाआड एक शटर खाली होतं. घरपट्टीच्या खिडकीशी लोक यायचे ते पट्टी भरायला नाही, हप्ते मागायला. खर्च वाचवायला रस्त्यावरचा एक दिवा सोडून एक दिवा लावायचं ठरलं होतं, तर कोणत्या घरासमोरचा लावायचा आणि कोणत्या घरासमोरचा नाही, यावरून भांडणं यायची, तीही बाबांकडेच. सगळ्यांना त्यांचं उत्तर एकच. नन्नाचा पाढा वाचणारे म्हणून फार पूर्वी कोणीतरी त्यांचं नाव पाढेसाहेब ठेवलं होतं. जुन्या लोकांना त्यातली गंमत माहीत होती, नवे लोक ते आडनावच समजत. एकदा ठेकेदारांच्या संघटनेने स्नेहभोजनाचं निमंत्रण पाठवलं. पाकिटावर छापील अक्षरांत, ‘श्री. पाढे, सहकुटुंब’. आईने ते पाकीट कितीतरी दिवस फ्रिजवर लावून ठेवलं होतं. कंटाळा आला की म्हणायची, “आज सौ. पाढे यांना बरं नाहीये, चहा तुम्ही करा.”

तर त्या दिवशी आम्ही आईने सांगितलं तसं कचेरीत जाऊन भांडलो. दुसऱ्या दिवशी अंदाजपत्रकाची सभा होती. अध्यक्षबाई सकाळीच बाबांच्या खोलीत आल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज मला पार्टिशनवरून आला.

“पाढेसाहेब, एक करा. घरपट्टीची वसुली जरा वर धरा.”

“किती वर?”

“नव्वद टक्के.”

“निम्मी यायची मारामार आहे, बाई.”

“ती मलाही दिसते हो. पण कागदावर तर येऊ द्या. कागदावर आली की खालच्या गल्लीचा पाइप बसतो. सगळ्याच नगरपालिका धरतात.”

“पाइप बसेल. बिल आलं की मग आपण बसू.”

अध्यक्षबाई हसल्या. वाईट नव्हत्या त्या. निवडणुकीत खालच्या गल्लीला त्यांनी पाइपाचा शब्द दिला होता आणि तो त्यांना टोचत होता. आवाज चढवून त्या म्हणाल्या, “अगं इंजिनिअर, ऐकतेयस ना सगळं? ये की इकडे. तूच समजाव तुझ्या वडिलांना.”

मी गेले. जाताना टेबलावरचा पाइपाचा तुकडा घेऊन गेले. गळती काढताना खालच्या गल्लीतून कापून आणलेला होता. आत गंजाचा असा थर की करंगळीसुद्धा जेमतेम जावी, आणि बाहेरून नखाने खरवडलं तर पापुद्रे निघत. तो मी बाबांच्या समोर ठेवला. टेबलावर लाल भुगा सांडला.

“बाबा, धरा की. एकच वर्ष. हे पाणी लोक पितात.”

त्यांनी भुगा एका कागदावर गोळा केला, पुडी बांधली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. मग म्हणाले, “वरच्या रस्त्याच्या गटाराला एकदा अशीच धरली होती. तू शाळेत होतीस.”

मला आठवत होतं. ठेकेदाराने अख्खा रस्ता उकरला, वसुली न आल्याने पहिलंच बिल अडकलं, आणि एक दिवस तो यंत्रं घेऊन निघून गेला. त्यानंतर दोन वर्षं लोक फळ्यांवरून आपापल्या घरात जात होते. कोणाची सायकल चरात, कोणाचं म्हातारं माणूस.

“सही माझी होती त्या आकड्यावर,” बाबा म्हणाले. “परत नाही धरणार.”

“मग उद्या सभेत शिव्या कोण खाणार?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“मी. मला पचतात.”

दुपारी खालच्या गल्लीतल्या शिवणवाल्या मावशी माझ्याकडे आल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन. गळ्यात टेप तसाच लोंबत होता. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून माझ्या फाइलीवर ठेवली. पाणी फिकट चहासारखं दिसत होतं.

“बघ, सकाळचं आहे. गिऱ्हाइकाला पाणी विचारायची सोय राहिली नाही. काय झालं आमच्या पाइपाचं?”

“बजेटमध्ये आहे, मावशी.”

हे खोटं नव्हतं. छापून आलेलं होतं. मावशींचा चेहरा जरा सैल पडला. तेवढ्यात बाबा पार्टिशनच्या दारात येऊन उभे राहिले.

“बजेटमध्ये आहे, पण पैसे नाहीत,” ते म्हणाले. “यंदा व्हायचं नाही ते काम.”

मावशींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमच्या घरी येतं का हो स्वच्छ?”

“येतं.”

“मग तुम्हाला काय जातंय नाही म्हणायला? साहेब, जन्मात कधी हो म्हणालात का तुम्ही? लग्नाला तरी म्हणालात का?”

“तेव्हा मला कोणी विचारलंच नाही.”

मावशींना हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. बाटली तिथेच ठेवून त्या गेल्या.

संध्याकाळी आम्ही चालत घरी निघालो. रोजच्यासारखंच. एका दिव्याखालून निघून पुढच्या दिव्यापर्यंत मधला अंधार. मला राहवलं नाही.

“तिला तोंडावर सांगायची काय गरज होती? चार दिवस आशा राहिली असती तर काय बिघडत होतं?”

“आशेवर राहिली तर ती फिल्टर घ्यायचा लांबवते,” बाबा म्हणाले. “नाही म्हटलं की माणूस दुसरी सोय बघतं.”

“कुठून बघणार दुसरी सोय? कारखाना अर्धा बंद. कपडे शिवून घेतंय कोण आता?”

पुढच्या दिव्याशी पोचेपर्यंत त्यांना उत्तर सुचलं नाही, आणि त्यांनी बनवलंही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी दाढीचं ब्लेड घेतलं. “उद्या सभा आहे, जरा माणसात दिसावं,” म्हणाले. रात्री जेवताना आईने विचारलं की भांडण मिटलं का, तर दोघांनीही एकदमच “नाही” म्हटलं. आई म्हणाली, “घ्या, आता पोरगीही पाढा म्हणायला लागली.” बाबा लवकर झोपायला गेले.

सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्यांना काही कळलंही नसेल. आई त्यांच्या उशाशी बसून होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात तेवढंच सांगत होती, “ब्लेड नवीन आणलं होतं हो त्यांनी.”

नगरपालिकेकडून मोठं पुष्पचक्र आलं. त्याच्या फितीवर लिहिलं होतं, ‘श्री. पाढे यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. फुलवाल्याला सांगायला गेलेला माणूस नवा असणार. ज्यांच्या लक्षात आलं ते कानकोंडे झाले, कोणीतरी फीत काढायला पुढे झालं. आईने हाताने थांबवलं. फीत वाचली, परत वाचली. “असू दे,” म्हणाली. “एवढ्याला तरी नाही म्हणाले नाहीत.” आणि मग ती त्या दिवसात पहिल्यांदा रडली.

सभा पुढे ढकलली होती, ती मी कामावर हजर झाल्यावर झाली. मी अधिकाऱ्यांच्या रांगेत बसले होते. बाबांच्या हाताखालच्या सहायकाने अंदाजपत्रक वाचलं. तरुण होता, नोकरी कच्ची होती. वसुली नव्वद टक्के. कोणी काही विचारलं नाही. शिव्या नाहीत, भांडण नाही. माणसं एकमेकांकडे बघून बाकं वाजवत होती. खालच्या गल्लीच्या पाइपापुढे मी मागितली होती तेवढी सगळी रक्कम होती.

सभा संपल्यावर अध्यक्षबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे खरंच भरले होते. “बाबांच्या आठवणीसाठी घातला गं तुझा पाइप. आता लगेच आखणी करून घे. लोकांना काम दिसू दे.”

मी माझ्या खोलीत आले. पार्टिशनच्या पलीकडे सहायक बाबांच्या खुर्चीत न बसता शेजारच्या स्टुलावर बसला होता. मी वरून विचारलं, “पैसे येतील का रे?”

“मॅडम, धरलेत ना,” तो म्हणाला.

मी फाइल उघडून बसले. समोर माझीच नोकरी दिसत होती. इतक्या वर्षांत किती माणसं या टेबलापाशी आली असतील, आणि मी कोणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. बजेटमध्ये आहे, म्हणायचे. माणूस समाधानाने उठायचा, आणि जाता जाता पलीकडच्या खोलीत डोकवायचा. तो शब्द म्हणायला तिथे कोणीतरी बसलेलं होतं. गावभर मी चांगली होते. लोक म्हणायचे, मुलगी बापावर गेली नाही ते बरं झालं.

दोन दिवसांनी मी मजुराला आणि चुन्याचा डबा घेऊन खालच्या गल्लीत गेले. बातमी आधीच पोचली होती. लोकांनी आपण होऊन दुचाक्या बाजूला घेतल्या होत्या, दारातल्या कुंड्या आत न्यायला घेतल्या होत्या. कोणीतरी मला बसायला खुर्ची आणली. गल्ली अरुंद होती. चर मधोमध घेतला तर दोन्ही बाजूंच्या दारांसमोर जेमतेम पाऊल टाकण्यापुरती जागा उरणार होती.

शिवणवाल्या मावशी बाहेर आल्या, डब्यात डोकावून म्हणाल्या, “नगरपालिका दरवर्षीच चुना लावते आम्हाला. यंदा खराखुरा आणलाय वाटतं.”

सगळे हसले. मीही हसले.

मग मावशी जवळ आल्या आणि आवाज खाली आणला. “तुझे बाबा गेले, फार वाईट झालं. तोंडाने फटकळ होते, पण डोळ्यांत बघून बोलायचे. आता खरं सांगू का, रागावू नकोस. ते असते तर हा पाइप आला नसता.”

“नसता आला,” मी म्हणाले.

“त्या दिवशी त्यांचं ‘नाही’ ऐकून घरी आले आणि फिल्टरला आगाऊ दिले होते मी थोडे. बाकीचे हप्त्याने द्यायचे होते. आता कशाला लागतोय? कालच जाऊन परत मागितलेत.” मावशी दाराकडे बघत होत्या. मशीन उंबऱ्याच्या अगदी लागून होतं, त्यावर एक अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. “उकरलं की गिऱ्हाईक काही दिवस यायचं नाही, ते मी काढेन कसेतरी. पण बुजवाल ना लगेच? पैसे आलेत ना नक्की?”

मजुराने डब्याचं झाकण काढलं होतं. दोरी ताणून झाली होती. “मॅडम, मारू का चुना?” त्याने विचारलं.

गल्ली माझ्याकडे बघत होती. कुंड्या हातात धरून उभी असलेली माणसंसुद्धा. या खेपेला ‘बजेटमध्ये आहे’ म्हणण्यात तर काहीच कमी नव्हतं, पुढे पूर्ण रक्कम छापलेली होती. मी मागे वळून पाहिलं नाही. मागे आता पलीकडची खोली नव्हती.

“नाही,” मी मजुराला म्हणाले, आणि मग मावशींच्या डोळ्यांत बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “नाही, मावशी. पैसे आलेले नाहीत. यंदा काम होणार नाही. तुम्ही फिल्टर घ्या.”