बेबाबाई बसल्यावर येणारा आवाज

सावद्याला फैजपूर रस्त्यावर अय्युब मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथे गाडी नेली की गिऱ्हाइकाने तोंड बंद ठेवायचं, हा तिथला रिवाज. गाडीला काय झालंय हे दुसऱ्याने सांगितलेलं अय्युबला खपत नसे. "तू गप राय भाऊ, गाडीला बोलू दे," असं म्हणून तो किक मारायचा, डोळे मिटायचा, मान जराशी कलती करायचा आणि मग एकच शब्द बोलायचा. टायमिंग चैन. क्लच प्लेट. बेअरिंग. गाडी खोलली की नेमकं तेच निघायचं. आजूबाजूच्या गावांत लोक गाडीचं दुखणं 'अय्युबच्या कानावर घालून येतो' म्हणत. या गोष्टीचा अय्युबला गर्व होता, आणि का नसावा? आयुष्यभर काळे हात करून माणसाने एवढंही मिरवायचं नाही म्हटलं तर मग करायचं तरी काय?

तर अशा या गॅरेजात एका सकाळी तोतारामभाऊ आपली मोटरसायकल घेऊन आला. हा जवळच्याच गावचा केळीवाला गडी. रिवाज मोडून आल्याआल्याच बोलायला लागला.

"अय्युबभाई, गाडीतून बारीक आवाज येतो. कुंईऽऽ असा. पन घरची मांगे बसली म्हंजेच येतो. मी एकटा असलो का बंद."

बाकड्यावर उखर्डूनाना बसले होते. त्यांच्याकडे गाडी नाही, पण रोज सकाळी पेपर वाचायला ते गॅरेजातच येत. ते हसले. "मंग घरचीलेच दाखव डॉक्टरले," म्हणाले.

अय्युबने गाडी सुरू केली, डोळे मिटले. काही नाही. इंजिन लोण्यासारखं चालत होतं. मग तोतारामला मागे बसवून त्याने गाडी फैजपूरच्या बाजूला काढली. तोताराम म्हणजे काही हलका माणूस नव्हे. केळीच्या बागा मागे पडू लागल्या तसा त्याने अय्युबच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे पाय, आला. ऐकलं का?"

अय्युबला वारा ऐकू येत होता. इंजिन ऐकू येत होतं. समोरून गेलेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. कुंई काही ऐकू आली नाही.

"हां," तो म्हणाला, "आला."

गेलं वर्षभर तो घरी म्हणत होता की औषधं मारून मारून लोकांनी रातकिडेसुद्धा संपवले, बाहेर कसा शुकशुकाट असतो. अमिनाबी, त्याची बायको, त्यावर नुसती त्याच्याकडे पाहायची आणि भाकरी उलटायची. तिला रातकिडे रोज ऐकू येत होते. ती का बोलत नव्हती हे त्या रस्त्यावर, त्या गाडीवर त्याला एकदम कळलं. जाड आवाज सगळे शाबूत होते. बारीक तेवढे कानातून निघून गेले होते, न सांगता.

खरं बोलायला तोंड उघडेना. त्याने गॅरेजात येऊन अंदाजाने पुढच्या चाकाची बेअरिंग बदलली, स्पीडोमीटरच्या गरारीला, म्हणजे दातेरी चाकाला, ग्रीस भरलं आणि "जा, झालं काम" म्हणून तोतारामला वाटेला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने अंधारात दगड मारला होता.

तो अर्थातच लागला नाही. पुढच्या आठवडे बाजाराला तोताराम परत हजर झाला, आणि या वेळी बायकोला, बेबाबाईला, घेऊन. बेबाबाई गाडीवरून उतरली ती रागातच.

"मी बसली का गाडी रडते म्हनतात हे. साऱ्या गल्लीत सांगितलं. पोरीसोरी हसतात मले पाहून. आता तुम्हीच सांगा भाऊ, दोष माझा का गाडीचा?"

बाजाराचा दिवस. गॅरेजात माणसं वाट पाहत उभी होती. सगळे अय्युबकडे पाहू लागले. त्याने किक मारली, डोळे मिटले, मान कलती केली. ते सगळं सोंग होतं आणि ते सोंग आहे हे एकट्या त्यालाच माहीत होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

काउंटरवरून महेक उठून आली. महेक ही त्याची मुलगी. भुसावळला आयटीआय करून आली होती, पण अय्युबने तिला पार्ट विकायच्या काउंटरवर बसवलं होतं. इंजिनाला हात लावायचा तिचा हट्ट तो रोज 'बाद में' म्हणून टोलवायचा. ती जवळ आली आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "अब्बा, मैं देखूँ?"

तिच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा त्याला कळलं, हिलाही माहीत आहे. किती दिवसांपासून, कोण जाणे. त्याने चावी तिच्या हातावर ठेवली.

"मावशी, माझ्या मागे बसा," महेक म्हणाली.

"तुले येतं का बेटा चालवता?" बेबाबाईने विचारलं, पण बसली. गाडी गेली आणि बऱ्याच वेळाने आली. महेकने गाडी उभी केली, ओढणी कमरेला खोचली आणि सगळ्यांदेखत सांगायला लागली.

"आवाज आहे. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तरी येतो, म्हणजे इंजिन नाही. पुढून येत नाही, पायाजवळून येतो. खड्ड्यात गाडी दबली की वाढतो." मग ती तोतारामकडे वळली. "काका, तुम्ही दोघं गाडीवर बसा बरं."

दोघं बसले. गाडी दबली. महेकने खाली वाकून चैनीला बोटाने दाबून पाहिलं. चैन जराही हलली नाही. ताणलेल्या तारेसारखी गच्च झाली होती.

"चैन कोणी ताणली, काका?"

तोताराम आभाळाकडे पाहू लागला. नवऱ्याने तोंड लपवलेलं बेबाबाईने कधी सोडलं नाही, तेव्हाही सोडलं नाही. "यांनीच. वावटळीच्या अगोदर केळीले पट्ट्या बांधत होते, त्याच हातानं गाडीचं बी आवळलं. ढिल्लं काही चालतच नाही यांले."

"अवं, केळ पट्टीनं गच्च बांधली नाही तर वाऱ्यानं आडवी होते," तोताराम म्हणाला. "मले वाटलं चैनीचं बी तसंच. डबल स्टँडवर लावून चांगली टाईट केली."

"केळ जागेवर उभी असते, काका. गाडीवर माणूस बसतो, गाडी दबते, मागचं चाक सरकतं आणि चैन आणखी ताणली जाते. चैन स्टँडवर नाही, माणूस बसवून बघायची असते."

हे शेवटचं वाक्य अय्युबचंच होतं. तो रोज कोणा ना कोणावर तेच ओरडत असे आणि काउंटरवर बसून पोरगी ते ऐकत होती. पण ते आधीचं? क्लच दाबून घरंगळू देणं, खड्ड्यात आवाज वाढतो हे टिपणं? ते त्याने शिकवलं नव्हतं. ते तिचं होतं.

तेवढ्यात उखर्डूनानांनी पेपर खाली केला. "काबरं अय्युब, मांगच्या खेपेला तुलेच कसा नाही सापडला हा आवाज?"

पोरीने वेळ सांभाळून घ्यायला तोंड उघडलं, तर अय्युबने हाताने तिला थांबवलं.

"नाना, मला तो ऐकूच आला नाही," तो म्हणाला. "तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. बारीक आवाज माझ्या कानातून गेले. तोताराम, तुला मी खोटं सांगितलं, माफ कर. हिला आला ऐकू. माझ्या पोरीला."

शेवटचे शब्द बोलताना त्याचा आवाज चढला होता, पार रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्याने मान वर करावी इतका.

कोणी हसलं नाही. नानांनी पेपर घडी करून बाकावर ठेवला. महेकने त्या दोघांना तसंच गाडीवर बसवून ठेवलं, चाकाचा नट सैल केला, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करत चैन सोडली आणि बोटाने हलवून दाखवली. बेबाबाई वरून वाकून सगळं पाहत होती आणि मधूनच नवऱ्याच्या पाठीत कोपर खुपसत होती.

आता पारख बाकी होती. त्यासाठी मागे वजन लागणार होतं. अय्युब पोरीच्या मागे जाऊन बसला. आपल्याच गावात, आपल्याच रस्त्यावर तो असा कधी बसला नव्हता. बाजाराला आलेली माणसं वळून पाहत होती, आणि त्यांनी पाहावं असंच त्याला वाटत होतं. गाडी बागांपर्यंत गेली. सवयीने त्याने डोळे मिटले. वारा, इंजिन, बस्स. मागच्या वेळी ऐकू आलं होतं तेवढंच. त्याच्यापुरता काहीच फरक पडला नव्हता.

"गया?" त्याने तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"गया, अब्बा."

परत आल्यावर त्याने तोतारामच्या हातात चावी दिली. स्वतःच्या कानाने न ऐकलेल्या कामाची हमी त्याने जन्मात कधी दिली नव्हती.

"आवाज गेला," अय्युब मिस्त्री म्हणाला. "माझा शब्द आहे."