शुक्रवारी उभं राहणारं शहर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या ऑफिसात, चपलांच्या रॅकशेजारी माझी जागा. मला पडदा नाही, कळफलक नाही, त्यामुळे माझ्यापुढे कुणी येऊन बसत नाही. आलो त्या दिवशी मला हार घातला होता. हल्ली माझ्यावर जेवणाचे डबे ठेवतात.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. कोणत्या गल्लीत कधी येणार, हे लोकांना मोबाइलवर कळवणारी प्रणाली इथली मंडळी बनवतात. तिच्यात कुणी एक ओळ बदलली, की मी पोटात एक तात्पुरतं शहर उभं करतो. खोट्या गल्ल्या, खोटे नळ, खोटी माणसं. त्यांच्यावर तो बदल तपासायचा आणि लगेच सगळं पाडून जागा मोकळी करायची. हे दिवसातून वीसदा चालतं. आपणच बांधलेलं आपणच पाडताना मला वाईट वाटतं. त्यात राहायला कधी कुणी येत नाही, याचं जास्त वाटतं.

दर शुक्रवारी संध्याकाळी मोठी चाचणी होते. तेव्हाच फक्त संदेश सुटतात, तेही बनावट नंबरांवर. पण संदेश खरोखर पोचतो का, हे सत्यम नावाच्या अभियंत्याला बघायचं होतं. त्यानं एका खोट्या माणसाच्या जागी आपल्या आईचा नंबर घातला. संदेश पोचला, स्वारी खूश झाली आणि नंबर काढायचा विसरली. मीही दर शुक्रवारी मुकाट्यानं तोच वापरत राहिलो.

एका शुक्रवारी त्याची आई, मनकर्णाबाई, घराची किल्ली मागायला ऑफिसात आली. मंजुषाताई इथल्या प्रमुख. त्यांनी तिला बसवलं आणि देवगाव रंगारीला राहणाऱ्या तिच्या आजारी बहिणीची, गोजरबाईची चौकशी केली, भेटून आलात का विचारलं.

"कशाची जाते, ताई? चार शनिवार झाले, निघायचं म्हणलं की आदल्या दिशी मेसेज येतोय, उद्या पाणी येणार. सत्यम शनिवारी बी कामावर. पाणी भरायला घरी कोणी नको का? अन् पाणी तर एकदा बी आलं नाय."

तेवढ्यात माझी चाचणी सुरू झाली आणि तिचा फोन वाजला.

"बघा, आला," ती म्हणाली.

"मशीन जुनं झालंय, त्याचंच काहीतरी असंल," सत्यम म्हणाला. मला फार लागलं ते. आणि माझ्याजवळचा पुरावा तर मीच आता पाडणार होतो.

"आजचं पाडू नको. थांबव," मंजुषाताई सत्यमला म्हणाल्या. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या शहरात शिरून एकेक गल्ली बघू लागलं. तिसऱ्या गल्लीत त्यांना मनकर्णाबाईचा नंबर सापडला.

सत्यमचा चेहरा उतरला. "आई, माझ्यानं झालं हे. चल, आत्ताच निघू."

सोमवारी तो ताईंना हळू आवाजात सांगत होता, "मावशीनं आईचा हात धरला, सोडेचना. पण वाचा गेलीय तिची. महिन्याखाली रोज आईचं नाव घेत होती म्हणे."

आता त्या नंबराच्या जागी नुसती शून्यं आहेत. माझ्या शहरात पुन्हा कुणी राहत नाही, आणि तेच बरं आहे. मित्रांनो, पाडायचं ते जरूर पाडा. पण त्याआधी एकदा आत जाऊन बघा. कुणी पाण्याची वाट बघत बसलेलं असेल.