खरं पत्र

बाईंनी पहिल्या रांगेतलं बाक फरफटत फळ्यासमोर आडवं लावलं, त्यावर पुठ्ठ्याची पाटी उभी केली आणि बाह्या सरसावून पलीकडे बसल्या. ‘अर्ज येथे स्वीकारले जातील,’ असं पाटीवर ठळक इंग्रजीत लिहिलेलं होतं.

“आता मी तुमची बाई नाही,” त्या म्हणाल्या. “मी साहेब आहे. सकाळपासून माझं डोकं उठलंय आणि मला तुमच्यापैकी कुणाचंही काम करायचं नाही. चला, पहिलं कोण?”

नववीचा वर्ग खुदखुदला. या प्रकल्पाला बाईंनी ‘खरं पत्र’ असं नाव दिलं होतं. पुस्तकातले रजेचे अर्ज, कधीही आजारी न पडलेल्या मुलांनी लिहिलेले, एकवीस वर्षं तपासून त्यांना नकोसे झाले होते. या वेळी अट अशी होती की पत्र जगात खरोखर कुणाच्या तरी हातात देता आलं पाहिजे. ते घेऊन बाकाशी, म्हणजे ऑफिसच्या खिडकीशी यायचं, साहेब तीनदा नाही म्हणणार, तरी हटायचं नाही. सगळं इंग्रजीतून. माफी मागितली की गुण गेले.

एकाने बिस्किटांच्या कंपनीला जाब विचारला होता, की वेष्टनावरच्या चित्रात सात बदाम आणि आत एकही कसा नाही. ज्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, त्याने बस आगाराकडे आपल्या घराच्या दारात थांबा मागितला होता, आणि तिसऱ्या नकारानंतर तो साहेबाच्या खुर्चीवरच हक्क सांगू लागला. हसून हसून पोरांची पुरेवाट झाली.

मग ‘कुजबुज’ उठली. बोलताना पाचातले तीन शब्द तिच्या ओठांतच राहायचे, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. बाईंच्याही तोंडी ते कधीमधी येई आणि मग त्यांना वाईट वाटे. लिहायची मात्र नेटकं. तिने खिडकीत कागद ठेवला. मुख्याध्यापकांना अर्ज होता. घरगुती अडचणीमुळे शाळा सोडत आहे, दाखला मिळावा.

बाईंना विषय आवडला. उगाच लांबची कंपनी नाही, थट्टा नाही. हिने अट नीट समजून घेतली होती.

“शाळा का सोडायची?” साहेबाने विचारलं.

मुलीचे ओठ हलले.

“मोठ्याने. साहेब बहिरा आहे.”

“घरी माझी गरज आहे.”

“गरज सगळ्यांच्याच घरी असते. नाही मिळणार.”

मुलगी कागद उचलून वळली. बाई साहेबपण सोडून उठल्या, तिला खांद्याला धरून त्यांनी पुन्हा खिडकीसमोर उभं केलं.

“असा काढता पाय घ्यायचा नाही. मान वर. समोरच्याच्या डोळ्यांत बघ. तू भीक मागत नाहीयेस, हक्काचं मागतेयस. पुन्हा.”

चौथ्या खेपेला तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. साहेबाने खोदून खोदून विचारलं. पालकांना माहीत आहे का, वर्ष संपेपर्यंत थांबता येणार नाही का, पुढे पस्तावशील त्याचं काय. ती एकाही प्रश्नाला अडखळली नाही. शेवटच्या नकारावर ती म्हणाली, “निर्णय आमच्या घरी झाला आहे. तुम्ही तो फक्त कागदावर उतरवायचा आहे.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. रेडिओने बाक बडवलं. बाईंनी शिक्का मारल्यासारखी मूठ आपटली आणि कागदावर दोन ठिकाणी लाल शाई लावली. एका क्रियापदाचा काळ चुकला होता, आणि एक शब्द फार मऊ होता, त्याच्या जागी त्यांनी ठाम शब्द सुचवला. दहापैकी नऊ. समासात लिहिलं, ‘वाचताना अगदी खरं वाटतं.’

पुढच्या सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. बाईंनी फारसं मनावर घेतलं नाही. हवाच पडशा-खोकल्याची होती. गुरुवारी हजेरीपट घेऊन त्या ऑफिसात गेल्या, तेव्हा कारकून मान वर न करता म्हणाला, “तिचं नाव कमी करा, बाई. दाखला नेला तिने.”

“कोणी नेला?”

“तिनेच. सही करायला आई होती बरोबर, पण बोलणं सगळं पोरीचं. मुख्याध्यापकांनी किती समजावलं, निदान वर्ष तरी पुरं कर म्हणाले. तर इंग्रजीतच सुरू झाली. अशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती की शेवटी साहेबांनी सही करून टाकली.” त्याने आता वर पाहिलं. “काय तयारी करून घेता हो तुम्ही मुलांकडून.”

त्याने फाइल उघडून अर्ज पुढे सरकवला. कोऱ्या कागदावर नव्याने उतरवलेला. क्रियापद दुरुस्त केलेलं, मऊ शब्दाच्या जागी ठाम शब्द. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला, एखादी चूक सापडली तर बरं होईल अशा नजरेने. चूक नव्हती.

“बसता का जरा?” कारकुनाने विचारलं. “पाणी देऊ?”

संध्याकाळी त्या पत्ता विचारत गेल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारून अरुंद जिना वर जात होता. तिसऱ्या मजल्यावर दार मुलीनेच उघडलं. हात कोपरापर्यंत ओले होते.

“या ना, बाई,” ती म्हणाली. दाराबाहेरही ऐकू जाईल असं.

आत दोन खोल्या. खाटेवर तिचे वडील उशांना टेकवून बसवलेले होते, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली ओघळलेला. छापखान्यात मशीनवर असायचे. दोन महिन्यांपूर्वी कामावरच कोसळले, तेव्हापासून उजवं अंग गेलं ते गेलंच. आई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुवायची. नुकतीच घरी येऊन भिंतीशी पाय पसरून बसली होती, ती गडबडीने उठू लागली. कोपऱ्यात सातवीतली धाकटी मांडीवर पुस्तक घेऊन होती. तिने बाईंकडे पाहिलं आणि पान उलटलं.

वडिलांच्या घशातून आवाज आला. मुलीने वाकून कान लावला.

“बाबा म्हणतायत, बसा.”

बाई बसल्या. वाटेत त्यांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. मुख्याध्यापकांशी बोलता येईल, रोज नाही आलीस तरी चालेल, फक्त परीक्षांना ये. रविवारी मी स्वतः येऊन शिकवेन. एकेक करून त्यांनी ते सांगितलं. मुलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, बाई. पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. परीक्षा तीन तासांची.”

“शेजारी कोणी?”

“पहिले पंधरा दिवस सगळेच यायचे,” आई म्हणाली. “त्यांना तरी त्यांचे संसार नाहीत का.”

बाईंनी मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“तू मला का नाही सांगितलंस?” त्या शेवटी म्हणाल्या. “एकदा तरी सांगायचंस.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. प्रश्न कळला नाही असं काहीतरी होतं.

“सांगितलं की, बाई. सगळ्यांसमोर सांगितलं.”

खाली दुकानात कोणीतरी सायकलची घंटा वाजवून बघत होतं. दोनदा, तीनदा. वडिलांचे डोळे एकीकडून दुसरीकडे फिरत होते. त्यांना सगळं कळत होतं.

“खरं म्हणजे आम्ही धाकटीला काढणार होतो,” आई हलक्या आवाजात म्हणाली. “ही अभ्यासात बरी, हिचं दहावीपर्यंत होऊ दे म्हटलं. महिनाभर दोघी आलटून पालटून घरी राहत होत्या, ते जमेना. पण वर्गात ते पत्र वाचलं त्या दिवशी शाळेतून आली आणि म्हणाली, तिला नाही, मला काढा. ऐकेचना. आमच्यापुढे कधी ब्र काढला नव्हता तिने, आणि त्या दिवशी आम्हालाच गप्प केलं.”

“का?” बाईंनी विचारलं. आईला विचारलं, पण पाहत होत्या मुलीकडे.

“तिला अजून चार लोकांत बोलता येत नाही,” मुलगी म्हणाली. “मला आता येतं.”

एवढं बोलून ती खाटेकडे गेली. वडिलांची कूस बदलायची वेळ झाली होती. तिने एक हात त्यांच्या मानेखाली घातला, दुसरा गुडघ्याखाली, आणि त्यांना भिंतीच्या बाजूला वळवलं. धाकटीने न सांगता उशी सरकवली. बाई उठून पुढे झाल्या, पण मदतीला कुठे हात लावायचा ते त्यांना कळेना. तोवर काम झालंही होतं.

निघताना आई जिन्यापर्यंत आली.

“धाकटी नववीत जाईल तेव्हा तुम्हीच असाल ना इंग्रजीला?”

“असेन बहुतेक.”

“मग तिलाही असंच तयार करा. हिचं सोनं केलंत तुम्ही.” तिने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. चादरींचं पाणी लागून लागून तिच्या बोटांची कातडी सोलवटली होती. “आम्हाला कुठे येतं काय.”

“हो,” बाई म्हणाल्या. “करीन.”

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला त्या वर्गात शिरल्या, तेव्हा मुलांनी त्यांच्या आधीच बाक आडवं लावून ठेवलं होतं. अजून अकरा जणांची पत्रं राहिली होती. त्यांतला पहिला मुलगा कागद हातात धरून, घसा खाकरून तयार उभा होता.

“बाक जागेवर ठेवा,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, माझं राहिलंय. मी पाठ करून आलोय.”

“ठेव तो कागद. पुस्तकं काढा सगळ्यांनी. पान एकोणचाळीस, रजेचा अर्ज.”

बाक सरकवल्याचा आवाज झाला. मग दप्तरं उघडल्याचा. बाई फळ्याकडे वळल्या आणि पुस्तकातला मजकूर एकेक ओळ करून उतरवू लागल्या. मुलांनी माना खाली घालून तो वहीत घेतला. मुख्याध्यापक बाहेरून चालले होते, ते दाराशी क्षणभर थांबले. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि ते पुढच्या वर्गाकडे गेले.