गाडी घरी पोचेना

ठमीचं खेळणं उघडं पडलं होतं. त्यात शर्टाच्या बटणाएवढे दोन चपटे सेल असतात. एक टेबलाखाली सापडला. दुसरा नाही. आणि दीड वर्षाच्या माझ्या लेकीच्या तोंडातून लाळ गळत होती.

"दात येतायत तिला," सासूबाई म्हणाल्या, पण त्याही वाकून फरशीवर शोधत होत्या.

"गिळला असेल तर आतून भाजतं, आई. थांबून चालत नाही."

नवरा शेजाऱ्यांची गाडी आणायला धावला. सासूबाई ठमीच्या तोंडात बोट घालायला निघाल्या, तसा मी त्यांचा हात धरला. "नको, आणखी आत जाईल."

गोदामाच्या पावत्या आम्ही पुढच्या खोलीत छापतो. तिथे प्रिंटर अजून टीं टीं करत होता. आज चालू केल्यापासून हेच. ठक्, ठर्रर्र, की बंद. "गाडी रुसली," म्हणून नवऱ्याने नाद सोडला होता. छापणारं हेड जिच्यावर बसतं, तिला आमच्याकडे गाडीच म्हणतात.

पण काल तर ती सुरळीत चालत होती.

प्रिंटर चालू केला की मोटर दातेरी पट्टा ओढते, पट्ट्याला धरलेली गाडी लोखंडी दांड्यावरून डावीकडे सरकते. तिथे तिचं घर. गाडीची इवलीशी जीभ घरच्या सेन्सरच्या खाचेत शिरली, की मगच यंत्राला कळतं आपण कुठे आहोत ते. कागदावरचं सगळं अंतर तिथूनच मोजायचं. घर लागलं नाही, तर ते एक अक्षर उमटवत नाही.

आज गाडी घरी का पोचत नव्हती?

"आई, ठमी सकाळी इथे आली होती?"

"आली होती की. झाकणाच्या फटीत बोटं घालत होती, वर तबला वाजवत होती."

ठमीला त्यांच्याकडे देऊन मी वायर उपसली, झाकण काढलं आणि गाडी बोटांनी डावीकडे ढकलली. पट्ट्यासोबत मोटर जडशी फिरली. घर दोन बोटांवर आलं आणि गाडी अडली.

"गाडी अडकली," मी पुटपुटले.

"अगं बाई! कुठे? फोन आला का त्याचा?"

"ती नाही हो, ही!"

दांड्याखाली मोबाईलचा उजेड टाकला. धूळ, कागदाचा भुसा, मग कोपऱ्यात काहीतरी चमकलं. स्क्रूही असेल. केसातली पिन काढून ओढायला गेले तर ते आणखी आत सरकलं. देवा. श्वास रोखून पिन पुन्हा घातली.

सेल! घरंगळत माझ्या तळहातावर आला. टेबलाखालचा त्याच्याशेजारी ठेवला, खेळण्यातल्या खाचा पाहिल्या. दोनच. मूठ घट्ट मिटली.

बाहेर हॉर्न वाजला. नवरा दारातूनच ओरडला, "गाडी आली, चल लवकर!"

मी वायर परत लावली. गाडी सर्रकन डावीकडे गेली, घराला शिवून परत आली आणि शांत झाली.

"पोचली," मी म्हणाले. मूठ उघडून त्याला दोन्ही सेल दाखवले.

सासूबाईंच्या कडेवरून ठमी झाकणाकडे झेपावत होती.